हरलात कशामुळे, ते सांगता येतं का?

पत्र (जागेअभावी थोडं कमी केलं आहे):

"दिवसभराची कामं आटोपली की रात्री मी पीसीवर गेम खेळायला बसते. सध्या मात्र खेळणं कमी आणि चिडणं जास्त चाललंय. 'एल्डन रिंग'मध्ये मार्गिट नावाच्या बॉसने (वाट अडवणाऱ्या बलाढ्य शत्रूने) मला अक्षरशः जमिनीत गाडलंय, कित्येक आठवडे मी किल्ल्याच्या दारातूनच परत येतेय. 'काउंटर-स्ट्राइक 2' या टीमने खेळायच्या गोळीबाराच्या गेममध्ये रेटिंग घसरतंय, आणि माइकवर माझा आवाज ऐकला की आमच्याच टीममधलं कुणीतरी घाणेरडं बोलायला लागतं. 'एक्सकॉम 2' या सैनिकी डावपेचांच्या गेममध्ये लागण्याची 94 टक्के शक्यता दाखवलेला नेम चुकला आणि माझी सगळ्यात जुनी सैनिक मेली. 'हॉलो नाइट'मध्ये चुकून डीपनेस्ट नावाच्या अंधाऱ्या भागात पडले, वाट सापडेना, सोडून दिला. 'सेलेस्ट' हा डोंगर चढायचा गेम पूर्ण केला, पण शेवटच्या चढणीवर असिस्ट मोड (गेम सोपा करणारी सोय) लावला, त्यामुळे ते जिंकणं मोजायचं की नाही कळत नाही. चांगलं सांगायचं तर 'फॅक्टोरिओ' या कारखाना उभारायच्या गेममध्ये रॉकेट सोडलं. मध्ये सगळा कारखाना बंद पडला होता. जड तेलाची टाकी भरल्यामुळे रिफायनरी थांबली होती, ते मी शोधून काढलं. 'रिटर्न ऑफ द ओब्रा दिन' या जहाजावरच्या रहस्याच्या गेममधली सगळी 60 माणसं कुठेही उत्तर न बघता ओळखली. पण जिथे हात चालवावा लागतो तिथे मी कच्चीच. मित्र म्हणतो, 'गिट गुड', म्हणजे आधी नीट खेळायला शीक. घरचे म्हणतात, एवढा त्रास होतो तर खेळतेस कशाला? लायब्ररीत अर्धवट गेमची रांग लागली आहे. सगळं सोडून द्यावं का?"

उत्तर:

प्रिय वाचक मैत्रीण,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: सोडू नका. निदान आत्ता, या चिडचिडीच्या भरात तरी नको. तुमच्याच पत्रात मला एक गोष्ट लख्ख दिसली. लिहिताना ती तुमच्या लक्षात आली नसावी.

'फॅक्टोरिओ'बद्दल लिहिताना तुम्ही कारण लिहिलंत. जड तेल ओतायला जागा उरली नाही म्हणून रिफायनरी थांबली. रिफायनरी थांबली म्हणून पेट्रोलियम गॅस बंद झाला, गॅस नाही म्हणून प्लास्टिक नाही, आणि प्लास्टिक नाही म्हणून लाल सर्किटं नाहीत. मधली साखळी तुम्ही लिहिली नाहीत, पण हा गेम खेळलेल्या कुणालाही ती न सांगता कळेल, कारण बहुतेकांचा कारखाना एकदा तरी इथेच गपगार झालेला असतो. आपल्याला टंचाई दिसते सर्किटांची, आणि घोडं पेंड खात असतं पार दुसऱ्या टोकाला, नको असलेल्या तेलाच्या टाकीपाशी. ते तुम्ही एकटीने शोधलंत.

मार्गिटबद्दल मात्र तुम्ही फक्त 'गाडलंय' एवढंच लिहिलंत. कोणत्या फटक्याने? तुम्ही लवकर हललात की उशिरा? तेव्हा स्टॅमिना उरला होता का? यातलं एक अक्षरही पत्रात नाही.

म्हणून तुमचे हात कच्चे आहेत हे मला पटत नाही. कारखान्यापुढे तुम्ही शोध घेता. मार्गिट समोर आला की तो शोध थांबतो आणि नुसती झटापट उरते. माझा बराचसा सल्ला एकाच प्रश्नाभोवती फिरणार आहे: हरल्यावर, पुन्हा सुरू करायच्या आधी, आपण कशामुळे हरलो हे एका वाक्यात सांगता येतं का? येत असेल तर कितीही वेळा हरलात तरी तुमचं शिकणं चालू आहे. येत नसेल तर पुढचे प्रयत्नही तसेच जातील. आणि कधीकधी खरं उत्तर असतं, 'यात माझं काही चुकलंच नव्हतं.' तेही ओळखता यायला हवं, नाहीतर माणूस उगाच स्वतःला बोल लावत बसतो.

आता मार्गिट. हा बॉस मुद्दाम घाईवर उलटेल असा बनवला आहे. तो काठी वर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो. आपण काठी वर गेलेली बघून घाबरून रोल करतो (कोलांटी घेऊन फटका चुकवतो), रोल संपतो, आणि नेमका तेव्हा तो फटका खाली आणतो. म्हणजे तुमचा हात संथ असण्यापेक्षा फार चपळ असण्याचीच शक्यता जास्त आहे. काठी खाली यायला लागली की हलायचं, ती वर जाताना हलायचं नाही. दुसरी खोड: लांब पळून फ्लास्क (गेलेली ताकद भरून काढणारं औषध) प्यायला गेलात की तो प्रकाशाचे खंजीर फेकतो. म्हणून पळत जाऊन पिण्यापेक्षा त्याची फटक्यांची लांब मालिका संपली की लगेच प्यावं. त्याची बरीच ताकद गेली की तो प्रकाशाचा मोठा हातोडा काढतो आणि उडी मारून आपटतो. तिथे मागे पळणारा सापडतो, त्याच्या अंगाखालून पुढे घुसणारा बहुधा वाचतो.

यावर माझा एक अगदी ठाम उपाय आहे. आज रात्री त्याच्यासमोर जा आणि एकही वार करू नका. फक्त चुकवा. रुन्स (मेल्यावर हातून जाणारे गेममधले पैसे) आधीच खर्च करून टाका म्हणजे हरण्याची भीती राहणार नाही. मेलात की मोठ्याने म्हणा, 'काठी धरून ठेवली तेव्हा लवकर हलले,' किंवा 'फ्लास्क पिताना खंजीर लागला.' ही वाक्यं वेगवेगळी येत असतील तर अजून खूप शिकायचंय. तेच ते वाक्य पुन्हा पुन्हा येऊ लागलं तर फारच छान, कारण मग दुरुस्त करायला एकच गोष्ट उरते. जिंकायचं ओझं उतरलं की डोळे बघायला लागतात, आणि बघायला लागलेल्या डोळ्यांनी तुम्ही ओब्रा दिनवर काय केलंत ते तुम्हीच लिहिलंय.

एक गोष्ट आत्ताच तपासा: अंगावरचं वजन. उचलण्याच्या क्षमतेच्या 70 टक्क्यांपलीकडे वजन गेलं की रोल जड होतो आणि कितीही अचूक वेळ साधलीत तरी मार बसतो. खूप जणी आणि जण मजबूत चिलखत मिळालं म्हणून चढवतात आणि मग स्वतःच्या बोटांना दोष देतात. ढाल बदला, एखादं शस्त्र काढून ठेवा, पण 70च्या खाली या.

आणि मार्गिटशी आत्ताच लढायला हवं असं सांगितलंय कुणी? वाट दाखवणारी सोनेरी रेषा त्याच्याकडे नेते म्हणून आपण जातो, पण तिचं ऐकलंच पाहिजे असं नाही. लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशाच्या दक्षिणेला पूल ओलांडून वीपिंग पेनिन्सुला आहे. तिथल्या जुन्या चर्चमध्ये फ्लास्कची ताकद वाढवणारे अश्रू मिळतात. वाटेत सोनेरी बिया मिळतात, त्यांनी फ्लास्कच्या फेऱ्या वाढतात. व्हिगर, म्हणजे पात्राचा जीव, वाढवा, शस्त्र घडवून घ्या. घोडा मिळाल्यावर चर्च ऑफ एलेला परत गेलात तर रेना भेटते आणि लांडग्यांचे आत्मे बोलावणारी घंटा देते. मर्कवॉटर केव्हमधल्या पॅचेस या विक्रेत्याकडे 5000 रुन्सना एक बेडी मिळते, ती मार्गिटला क्षणभर जखडून ठेवते. आणि किल्ल्याच्या बाजूने कड्याकडेची एक वाट आहे, ती मार्गिटला न भेटताच थेट लिउर्निया या पुढच्या प्रदेशात नेते. हे सगळं बनवणाऱ्यांनी विचारपूर्वक ठेवलंय. या वाटा वापरणं हाही त्या गेमच्या कौशल्याचाच भाग आहे.

तुमच्या मित्राचं 'गिट गुड' मला मुळीच आवडत नाही. त्यात माहितीचा कणही नाही. त्याला खरंच मदत करायची असेल तर शेजारी बसून त्याने एवढंच सांगावं, 'या फटक्याला तू प्रत्येक वेळी लवकर हलतेस.'

'एक्सकॉम 2'चं दुःख वेगळ्या जातीचं आहे. 94 टक्क्यांचा नेम चुकणं अन्याय वाटतो, पण तो अन्याय नाही. 94 टक्क्यांचे 20 नेम धरलेत तर त्यातला निदान एक चुकण्याची शक्यता 71 टक्क्यांच्या आसपास निघते. एका मोहिमेत आपण शेकडो गोळ्या झाडतो, म्हणजे असा नेम हुकणं ठरलेलंच. लागलेले नेम आपण विसरतो, हुकलेला मात्र सैनिकाच्या नावासकट लक्षात राहतो. आणि खरं सांगायचं तर सोप्या पातळ्यांवर हा गेम गुपचूप आपल्याच बाजूने झुकलेला असतो. लागोपाठ नेम हुकले की पुढच्या नेमाची खरी शक्यता तो दाखवलेल्या आकड्यापेक्षा वाढवतो.

मग कारण शोधायचं कुठे? नेम का चुकला हे विचारून हाती काही लागणार नाही. एक नेम चुकला एवढ्याने ती का मेली, हे विचारा. तेव्हा ती उघड्यावर होती का? पूर्ण आड (लपायला आडोसा) मिळत असताना अर्ध्या आडामागे होती का? पूर्ण आडामागे 40 गुणांचं संरक्षण मिळतं, अर्ध्या आडामागे 20चं. ग्रेनेड जवळ असताना बंदूक का उचललीत? ग्रेनेड चुकत नाही, शिवाय समोरच्याचा आडही उडवतो, म्हणजे पुढच्या सैनिकाचं काम सोपं होतं. हा नेम हुकला तर काय, याचं उत्तर गोळी झाडायच्या आधी तयार असणं हाच तिथला खेळ. सेव्ह पुन्हा उघडून तीच गोळी झाडून बघितली असेल तर ती परत चुकलेलीही तुम्ही पाहिली असेल. त्याच क्रमाने तीच चाल केली तर तो निकाल बदलत नाही, अशीच त्याची मूळ रचना आहे.

जुन्या सैनिकाचं वाईट वाटतं, ते वाटू द्या. तिचं नाव तुम्ही ठेवलं होतंत, तिचे केस तुम्ही निवडले होतेत. त्यात हसण्यासारखं काही नाही.

आता 'सेलेस्ट', आणि इथे मला जरा जोरातच बोलायचंय. तुम्ही तो शिखर चढून पूर्ण केलात. मोजा. असिस्ट मोड कुणी चोरून आत घातलेला नाही. 2018मध्ये तो गेम आला तेव्हापासून बनवणाऱ्यांनीच तो दिलाय: वेग कमी करा, थकवा बंद करा, हवं तर मरणंच बंद करा. आणि हा मोड न लावताही 'सेलेस्ट' सगळ्यांना मदत करतच असतो. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही काही क्षण उडी मारता येते. जमिनीला टेकायच्या किंचित आधी दाबलेली उडी लक्षात ठेवली जाते. कोपऱ्याला डोकं आपटतंय असं दिसलं तर पात्राला अलगद बाजूला सरकवलं जातं. या गोष्टी गेमच्या कर्त्या मॅडी थॉर्सन यांनी स्वतः जाहीरपणे सांगितल्या आहेत. म्हणजे जे छाती काढून 'मी मदतीशिवाय जिंकलो' म्हणतात त्यांनाही त्या गेमने क्षणोक्षणी हात दिलेला असतो, फक्त तो दिसत नाही. 'हेडिस' या दुसऱ्या एका गेममधला गॉड मोड घ्या: सुरुवातीला 20 टक्के मार कमी लागतो, मग दर मरणामागे आणखी 2 टक्के, 80 टक्क्यांपर्यंत. तो लावून खेळणारी माणसंही तीच गोष्ट, तेच संवाद, तोच शेवट अनुभवतात. कुठे रेघ ओढायची हे ज्याचं त्याने ठरवावं. तुम्हाला मनातून खुपत असेल तर शेवटचा अध्याय पुन्हा उघडा, वेग थोडाच कमी ठेवा आणि जिथे अडलात तेवढेच पडदे पुन्हा चढा. खुपत नसेल तर विषय संपला. तसंही या गेममधलं एक पोस्टकार्ड मेल्याच्या आकड्याचा अभिमान बाळगा असंच सांगतं, आणि ते मनापासून लिहिलेलं आहे.

'हॉलो नाइट' तुम्ही ज्या ठिकाणी सोडलात ते ठिकाण खूप जणांनी सोडलंय. फंगल वेस्ट्स या भागाच्या तळाशी फिरताना माणूस अचानक डीपनेस्टमध्ये कोसळतो, अंधार, आवाज, नकाशा कोरा. पण इथेही आधी कारण शोधा. नकाशा कोरा राहतो त्याला कारणं आहेत: त्या भागाचा नकाशा आधी कॉर्निफर या नकाशे विकणाऱ्याकडून विकत घ्यावा लागतो (तो डीपनेस्टमध्येही बसलेला असतो, त्याचं गुणगुणणं ऐका), जवळ क्विल (नकाशा भरायची लेखणी) लागतं, आणि नवी पाहिलेली जागा नकाशावर उमटते ती बाकावर बसल्यावरच. आपण कुठे उभे आहोत हे दिसायला वेवर्ड कंपास लावावा लागतो. यातली एक जरी गोष्ट नसेल तर तुम्ही हरवलात यात तुमचा दोष कमी आणि सामानाचा जास्त. मेल्यावर मागे उरणाऱ्या सावलीपाशी राहिलेल्या जिओचा (गेममधल्या पैशांचा) लोभ सोडा, तो जिओ परत कमावता येतो. तिथून निसटण्यापुरतं एकदा खेळून बघा. मग आवडला नाही तर खुशाल बंद करा.

'काउंटर-स्ट्राइक 2'बद्दल दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकात मिसळू देऊ नका.

पहिली रेटिंगची. अशा रेटिंगच्या कल्पनेचं मूळ बुद्धिबळात आहे. आर्पाड एलो या भौतिकशास्त्रज्ञाने बसवलेली पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेने 1970मध्ये स्वीकारली. गेममध्ये तिचा हेतू बरोबरीचा प्रतिस्पर्धी शोधणं हा असतो. ती नीट चालली तर तुम्ही साधारण निम्मे सामने हरणारच, कितीही सुधारलात तरी, कारण सुधारलात की समोरचेही चांगले येतात. त्यामुळे एका रात्रीच्या आकड्यावरून स्वतःची किंमत करू नका. लागोपाठ दोन हरलात की उठा. तिसरा सामना आपण जिंकायला खेळत नाही, मागच्याचा वचपा काढायला खेळतो, आणि नेमकं तेव्हा कुठे बघायचं ते कळेनासं होतं. सामना संपल्यावर सगळं रेकॉर्डिंग बघण्याची गरज नाही. फक्त स्वतःची मरणं बघा. चालत असताना गोळी झाडलीत का? या गेममध्ये पाय हलत असताना गोळ्या पसरतात. उलट्या दिशेची कळ क्षणभर दाबून थांबायचं आणि मग झाडायचं, ही सवय लागली की फरक आपल्यालाच जाणवतो. नेमाची खूण डोक्याच्या उंचीवर होती की जमिनीकडे? आणि तुम्ही एकट्याच पुढे गेला होतात का? माझा अंदाज सांगू, निम्म्याहून जास्त वेळा उत्तर या तिसऱ्या प्रश्नात सापडेल.

दुसरी गोष्ट त्या घाणेरड्या बोलण्याची. इथे 'मी कशामुळे हरले' हा प्रश्न स्वतःला विचारू नका. तुमच्या आवाजात, खेळात, उत्तर देण्याच्या पद्धतीत शोधण्यासारखं काहीही नाही. पहिल्याच वाक्याला म्यूट करा आणि तक्रार नोंदवा. समजावत बसू नका, चांगलं खेळून दाखवून तोंड बंद करायचं ओझंही घेऊ नका. शत्रू कुठे आहे ते पिंग करून (पडद्यावर खूण टाकून) दाखवता येतं, तयार आदेशांचं चक्र आहे, लेखी दोन शब्द टाकता येतात. माइक न वापरताही उपयोगी टीममेट होता येतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे हळूहळू चार ओळखीची माणसं जमवणं. टीम पाच जणांचीच असते. एखाद्या सामन्यात कुणी नीट बोललं, माहिती वेळेवर दिली, की संपल्यावर त्यांना फ्रेंड रिक्वेस्ट पाठवा. त्या गटात मग तुमचा आवाज पुन्हा चालू करा, कारण तो तुमच्या खेळाचा भाग आहे आणि परक्याच्या उद्धटपणापायी तो कायमचा बंद राहावा असं मला वाटत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक पुस्ती जोडते: मशीन. 'एल्डन रिंग' पीसीवर सेकंदाला 60 चित्रांवर चालतो, म्हणजे एका चित्राला साधारण 16.7 मिलिसेकंद. मधलं एखादं चित्र 100 मिलिसेकंद रेंगाळलं तर सहा चित्रांइतका वेळ हातातून गेला, आणि रोलची वेळ तेवढ्यात निघून जाते. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) चांगला दिसत असतानाही असं अडखळणं होतं, म्हणून एकेका चित्राला लागणाऱ्या वेळेचा आलेख दाखवणारं साधन लावून बघा. एखादा परिणाम पहिल्यांदाच पडद्यावर येतो तेव्हा शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होताना धक्का बसतो. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकल्यावर तो काही काळ पुन्हा जाणवू शकतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा, हवा जाण्याच्या फटी मोकळ्या ठेवा, तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. सेटिंगमध्ये सावल्या आणि रे ट्रेसिंग (प्रकाशाचा हुबेहूब परिणाम) खाली आणा. अडखळल्यामुळे मेलात तर ते मरण हिशेबात धरू नका. आणि सेव्हच्या फाइलची एक प्रत अधूनमधून दुसरीकडे ठेवत जा. गेमनुसार ती अ‍ॅपडेटा, डॉक्युमेंट्स किंवा सेव्ह्ड गेम्समध्ये सापडते.

घरच्यांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. एवढा त्रास होतो तर खेळतेस कशाला?

ओब्रा दिनचा एखादा क्षण आठवा. लुकस पोप यांनी 2018मध्ये बनवलेल्या त्या गेममध्ये तुमचा तर्क एकेक करून तपासला जात नाही. तिघांची नावं आणि तिघांचं काय झालं हे सगळं बरोबर असेल तेव्हाच ते पक्कं होतं. त्यामुळे अंदाजाने ठोकून देणं चालत नाही. कुणाच्या झोपायच्या झोळीवरचा क्रमांक, कुणाचे बूट, कुणाची बोली, कोण कुणाच्या शेजारी उभा आहे, असं करत तुम्ही तासन् तास अडकलात आणि मग एकदम तीन चेहरे पक्के झाले. त्या वेळी तुमचं काय झालं होतं? तो आनंद फुकट मिळत नाही. आधीचं अडणं काढून टाकलं तर तोही जातो. मार्गिटच्या पलीकडेही नेमकं तेच आहे. घरच्यांना हे शब्दांत सांगण्यापेक्षा एका संध्याकाळी शेजारी बसवा आणि ओब्रा दिनमधला एक प्रसंग दाखवा. कोण हा, ओळखा, म्हणा. बघा किती वेळ गप्प बसतात.

मात्र त्यांच्या प्रश्नात एक खरी काळजीही आहे, ती झटकून टाकू नका. गेम बंद केल्यावर झोप लागत नसेल, घरातल्यांवर आवाज चढत असेल, किंवा इतके तास घातलेत म्हणून आता सोडवत नाही एवढ्याच कारणाने तुम्ही परत बसत असाल, तर तो गेम काही दिवस बाजूला ठेवा. अडणं आणि कुढणं यांतला फरक तुम्हाला स्वतःच्या अंगात कळेल: अडलेलं असताना भांडी घासतानाही डोक्यात उपाय सुचतात, कुढताना फक्त अपमान आठवतात.

अर्धवट गेमच्या रांगेचं मला फारसं काही वाटत नाही. ते गेम म्हणजे कुणी दिलेला गृहपाठ नाही. जे परत उघडावेसे वाटत नाहीत ते अनइन्स्टॉल करा, सेव्ह जपून ठेवा आणि यादी डोळ्यांसमोरून हलवा. पुढे घेताना मात्र स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाची परतीची सोय लक्षात ठेवा: खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ 2 तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून पहिल्या दोन तासांतच ठरवा, हा गेम जी अडवणूक करतोय ती मला आवडते आहे का.

आणि मार्गिटपासून विश्रांती हवी असेल तर 'आउटर वाइल्ड्स' घ्या. 2019चा गेम आहे. त्यात ताकद वाढत नाही, शस्त्रं मिळत नाहीत, नवं काही विकत घेता येत नाही. सुरुवातीला जे यान मिळतं तेच शेवटपर्यंत. पुढे सरकायचा मार्ग एकच, तुम्हाला काय कळलं. त्यातही यान चालवताना हात लागतात, ग्रहावर आपटाल, सूर्यात जाल, आणि का गेलात हे प्रत्येक वेळी तुम्हाला अगदी स्वच्छ सांगता येईल. त्याचा ट्रेलर बघू नका, त्याबद्दल कुठे काही वाचू नका, आणि तुमच्या त्या मित्राने तो खेळला असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा, एक अक्षर बोलायचं नाही. अडलात तर यानातल्या नोंदवहीत बघा. काय शोधायचं राहिलंय ते तिथे असतं.